जपानी अक्षर येते म्हणजे काय येते?

जपानी वाक्यात तीन लिप्या एकत्र नांदतात. हिरागाना आणि काताकाना या ध्वनिलिप्या, दोघींना मिळून ‘काना’ म्हणतात. प्रत्येकीत ४६ मूळ चिन्हे आहेत आणि त्यांचे उच्चार जवळजवळ ठरलेले आहेत. तिसरी कांजी, म्हणजे चीनमधून आलेली अर्थवाही अक्षरे. जपान सरकारने २०१० मध्ये सुधारलेल्या तक्त्यात सर्वसाधारण व्यवहारासाठी २,१३६ कांजी आहेत आणि त्यांची ४,३८८ वाचने. यांतली १,०२६ अक्षरे प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकायची असतात, उरलेली त्यानंतर. मुळाक्षरे आणि बाराखडी घोटली की मराठी मूल अडखळत का होईना, समोर येईल ते पान वाचू लागते. जपानी मुलाला ही सोय हिरागाना शिकल्यावर मिळते खरी, पण वर्तमानपत्र त्याच्यापासून अजून बरेच दूर असते.

हा भार संख्येचा वाटतो, पण खरी अडचण वेगळी आहे. जन्म, जगणे आणि कच्चेपणा असे अर्थ असलेले, पाच रेघांचे एक साधे अक्षर घ्यावे. ‘सेन्सेइ’ म्हणजे गुरुजी, या शब्दात ते ‘सेइ’ असे वाचले जाते. ‘इश्शो’ म्हणजे जन्मभर, त्यात त्याचा उच्चार ‘शो’ होतो. जगणे या क्रियापदात तेच अक्षर ‘इ’, जन्मणे यात ‘उ’, उगवणे यात ‘हा’, आणि कच्च्या मासळीसाठी किंवा पिंपातल्या ताज्या बिअरसाठी ‘नामा’ होते. अशा अक्षराची ओळख चार निरनिराळ्या प्रकारे होऊ शकते: डोळ्याला त्याचा आकार कळतो, मनाला अर्थ कळतो, जिभेला उच्चार कळतो आणि हाताला रेघांचा क्रम कळतो. या चारही गोष्टी एकत्र येतातच असे नाही. चिनी वाचक जपानी मथळ्याचा अर्थ पुष्कळदा लावतो, पण तो मथळा त्याला मोठ्याने वाचता येत नाही. जपानी माणूस घडाघडा वाचतो आणि तेच अक्षर कागदावर उतरवताना अडतो. या दोघांपैकी अक्षर कोणाला आले, हा प्रश्न शाळेतला वाटला तरी त्याच्या मुळाशी जुना तात्त्विक वाद आहे: अक्षर नावाची वस्तू राहते कुठे? ध्वनीत, रेषेत, अर्थात, की लिहिणाऱ्याच्या हातात?

जपानमध्ये हा प्रश्न पहिल्यांदा पुढे आला तो लेखनिकांच्या अडचणीतून. चिनी अक्षरे कोरियन द्वीपकल्पातून जपानमध्ये आली. साइतामा प्रांतातील इनारियामा टेकडीत सापडलेल्या लोखंडी तलवारीवर सोने भरून कोरलेली ११५ अक्षरे आहेत आणि तिच्यावरील वर्ष बहुतेक अभ्यासक इ.स. ४७१ असे लावतात. तलवारीवरचा मजकूर चिनी भाषेत आहे, पण त्यातली जपानी माणसांची नावे लिहिताना अक्षरांचे अर्थ बाजूला ठेवून नुसते उच्चार वापरले आहेत. दोन्ही वाटा तेव्हाच खुल्या झाल्या होत्या. ७१२ मध्ये ‘कोजिकी’ हा पुराणग्रंथ दरबारात सादर करताना संकलक ओ नो यासुमारो याने प्रस्तावनेत याची कैफियत मांडली आहे. सगळे अर्थाने लिहावे तर शब्द मनातल्या भावाला भिडत नाहीत, आणि सगळे उच्चाराने लिहावे तर मजकूर लांबत जातो. म्हणून त्याने कुठे दोन्हींची मिसळ केली, कुठे निव्वळ अर्थावर भागवले. ही तडजोड तात्पुरती होती, पण जपानी लेखन आजही तिच्यावरच उभे आहे.

चिनी उच्चारही एकाच वेळी आले नाहीत. बौद्ध ग्रंथांबरोबर आलेले दक्षिण चीनचे उच्चार, नंतर तांग राजधानी छांगआनहून आलेले, आणि पुढे झेन भिक्षू व व्यापारी यांनी आणलेले, असे थर एकाच अक्षरावर साचत गेले. ‘जाणे’ या अर्थाचे अक्षर साधनेच्या शब्दात ‘ग्यो’, बँकेच्या शब्दात ‘को’ आणि भिक्षूच्या पायी यात्रेच्या शब्दात ‘आन’ असे वाचले जाते. आठव्या शतकाच्या अखेरीस दरबाराने छांगआनचे उच्चार प्रमाण ठरवण्याचा प्रयत्न केला. भिक्षूंनी मंत्र-सूत्रांच्या पठणात जुनेच चालू ठेवले. पवित्र शब्दाचा उच्चार बदलायचा नाही, हा आग्रह वेदपाठाच्या परंपरेत वाढलेल्या समाजाला समजावून सांगावा लागत नाही.

काताकाना याच भिक्षूंच्या हातून घडली. चिनी सूत्रे जपानी पद्धतीने वाचता यावीत म्हणून ओळींच्या कडेला खुणा करायच्या, आणि जागा थोडी म्हणून अक्षराचा एखादाच तुकडा उचलायचा. हिरागाना झाली ती अखंड अक्षरे भराभर, वळणदार लिहिता लिहिता. मात्र या चिन्हांची आज चालणारी मांडणी भारतातून आली. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मराठी वाचकाने ही ओळ संथपणे म्हणून पाहावी. क-वर्गानंतर च-वर्गाच्या जागी स, मग त आणि त्याचे अनुनासिक न, प-वर्गाच्या जागी ह आणि त्याचे अनुनासिक म, शेवटी य, र, व. प-वर्गाच्या जागी ह बसण्याचे कारण असे की जपानीतला आजचा ‘ह’ पूर्वी ‘प’ होता. मंत्रांसाठी सिद्धम् ही भारतीय लिपी शिकणाऱ्या भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेच्या नमुन्यावर हा तक्ता बांधला आणि तो अकराव्या शतकापासून लेखी मिळतो. त्याआधीच भारतीय भिक्षू बोधिसेन ७३६ मध्ये जपानला पोहोचला होता आणि ७५२ मध्ये नारा येथील तोदाइजीच्या महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन त्याच्या हस्ते झाले होते. सिद्धम् अक्षरे आजही जपानी स्मशानांतल्या लाकडी फळ्यांवर लिहिली जातात, आणि ती वाचू शकणारे थोडेच असतात.

वर्णमालेबरोबर अक्षराविषयीची भारतीय कल्पनाही गेली, आणि तिथे तिची गाठ अगदी उलट्या स्वभावाच्या कल्पनेशी पडली. मीमांसकांच्या मते वर्ण नित्य आहे. उच्चार त्याला प्रकट करतो, उत्पन्न करत नाही. या विचारात लिपीला मुळात जागाच नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात मिथ्या गोष्टीतूनही सत्याचे ज्ञान कसे होते हे दाखवताना लिपीचेच उदाहरण दिले आहे: ओढलेल्या खोट्या रेषांवरून ‘अ’ वगैरे खऱ्या अक्षरांचे ज्ञान होते. भारतीय मनाला रेषा ही अशी उसनी वाटते. लिपी बदलली तरी वेद बदलत नाही. चीनमध्ये याच्या नेमके उलट. तिथे शतकाशतकांत उच्चार बदलले, प्रांताप्रांतांत निराळे झाले, आणि टिकून राहिला तो आकार. इ.स. १०० च्या सुमारास शू शेन याने ९,३५३ अक्षरांचा कोश रचला तो त्यांच्या आकाराचे घटक धरून.

या दोन प्रवाहांच्या संगमावर कूकाइ (७७४–८३५) उभा आहे. ८०४ मध्ये तो चीनला गेला, छांगआनमध्ये हुइग्वो या आचार्याकडून मंत्रयानाची दीक्षा घेतली, प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला आणि ८०६ मध्ये परतून शिंगोन संप्रदाय उभारला. ‘शोजी जिस्सो गी’ या छोट्या प्रबंधात तो ध्वनी, अक्षर आणि सत्य यांच्या नात्याचा विचार करतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जे जे इंद्रियांना गोचर होते, रूप, रंग, गंध, स्पर्श, ते सगळे अक्षरच आहे, कारण भेदामुळे अर्थ उमटतो आणि जग भेदांनीच भरलेले आहे. हे अक्षर वैरोचन बुद्धाचे बोलणे आहे आणि माणसाच्या लिप्या त्याच बोलण्याचा एक भाग. इथे रेषा खोटी राहत नाही. शिंगोनच्या एका प्रमुख ध्यानात साधक चंद्रबिंबावरच्या कमळात लिहिलेले सिद्धम् ‘अ’ पाहत बसतो. त्याचा अर्थ अनुत्पाद, कशाचीच मुळात उत्पत्ती नसणे. संस्कृतात नकारदर्शक असलेला हा अकार इथे कानांनी ऐकायचा, श्वासात धरायचा आणि डोळ्यांनी पाहायचाही आहे. मंत्राचा देश आणि आकाराचा देश या दोघांचे ऋण एकाच चिन्हात फेडण्याची ही युक्ती असामान्य आहे. तिच्यामुळे अक्षर शिकणे हीच साधना ठरण्याची वाट मोकळी झाली. काना शिकवणारी ४७ अक्षरांची ‘इरोहा’ ही रचनाही परंपरेने कूकाइच्या नावावर घातली आहे. तिच्यात त्या काळचे प्रत्येक चिन्ह एकदाच येते आणि विषय अनित्यतेचा आहे. अभ्यासकांना तिचे कूकाइकर्तृत्व मान्य नाही, कारण तिचा सर्वांत जुना लेख १०७९ चा आहे. तरीही मेइजी काळापर्यंत मुले अक्षरओळख करून घेताना, न कळता, बौद्ध दर्शनाचा पहिला धडा पाठ करत.

अक्षर कुठे असते याचे उत्तर जसे द्यावे तशी ते लक्षात ठेवण्याची रीत बदलते. वैशेषिक आचार्य प्रशस्तपादाने स्मरणाचा संस्कार तीन कारणांनी होतो असे सांगितले आहे: अनुभवाचा तीव्रपणा, अभ्यास आणि आदर. तीव्रपणाचे त्याचे उदाहरण दक्षिणेतल्या माणसाला दिसलेल्या उंटाचे आहे. नवल वाटले की ठसा पक्का. विद्या, शिल्प, व्यायाम यांत ठसा अभ्यासाने उमटतो. आणि दुर्मीळ दृश्य पाहण्यासाठी मन एकवटून, खास प्रयत्नाने बघितले की तो आदराने उमटतो. वैशेषिक मत जपानला परके नव्हते. चंद्रमतीच्या ‘दशपदार्थी’चे ह्युएन त्संगने ६४८ मध्ये चिनी भाषांतर केले. मूळ संस्कृत हरवले, पण त्या भाषांतरावर जपानी भिक्षू टीका लिहीत राहिले. कांजी शिकण्याच्या जवळजवळ सगळ्या पद्धती प्रशस्तपादाच्या या तीन कारणांत बसतात.

उंटाचा मार्ग जेम्स हाइसिग याने शास्त्रासारखा मांडला. तो नागोयाच्या नानझान विद्यापीठातील धर्म व तत्त्वज्ञानाचा अभ्यासक. क्योतो परंपरेच्या तत्त्वज्ञांवर त्याने लिहिले आहे. कांजीवरचे त्याचे पुस्तक १९७७ मध्ये निघाले. त्याची रीत अशी: अक्षराचे घटक पाडायचे, प्रत्येक घटकाला एक नाव द्यायचे, अक्षराला एकच अर्थशब्द द्यायचा आणि घटकांना जोडणारी चमत्कारिक गोष्ट रचायची. उच्चार सध्या बाजूला ठेवायचे. चिनी विद्यार्थी जपानीत आकार आणि अर्थ घेऊनच येतो, मग परक्याने आधी तिथपर्यंत का पोहोचू नये, हा त्याचा युक्तिवाद. छपराखाली बाई, अर्थ शांती. असे अक्षर एका वाचनात बसते आणि वाचणारीला चीडही आणते. चिडीनेही ते अधिकच पक्के होते, हा भाग वेगळा.

पण ही गोष्ट खरी आहे का? शिराकावा शिझुका (१९१०–२००६) या जपानी पंडिताने प्राचीन चिनी भविष्यकथनाच्या अस्थिलेखांवरून अक्षरांची उत्पत्ती धर्मविधींत शोधली. त्याच्या मते ते छप्पर पूर्वजांच्या देवळाचे आहे आणि बाई म्हणजे कुळदेवतांपुढे स्वीकारासाठी आणलेली नवी सून. सामान्यतः ‘तोंड’ समजला जाणारा चौकोनही त्याला प्रार्थनापत्र ठेवायचे पात्र वाटतो. इतर भाषापंडितांना, विशेषतः तोदो आकियासुला, हे मुळीच पटले नाही. वाद मिटलेला नाही, आणि शिकणाऱ्याचे त्यावाचून अडतही नाही. अक्षराचा आजचा अर्थ वापराने ठरतो, उगमाने ठरत नाही. अननुभवी विद्यार्थ्याला असत्य वाटेवर उभे करूनच सत्याकडे न्यावे लागते, असे भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त व्याकरणाच्या प्रक्रियेविषयी म्हटले आहे, आणि बौद्धांचा उपायकौशल्याचा सिद्धान्तही त्याच जातीचा. नदी उतरल्यावर तराफा डोक्यावर घेऊन फिरायचे नसते. हाइसिगही हेच सांगतो, की अक्षर ओळखीचे झाले की गोष्ट गळून पडते. गोष्ट खरेच गळते. अर्थशब्द मात्र गळत नाही, आणि या पद्धतीची खरी उणीव तिथे आहे. ‘जीवन’ असे एक लेबल चिकटवले की त्याच अक्षरातली कच्ची मासळी बराच काळ नजरेला येत नाही. शिवाय ध्वनी वगळून अक्षराचा विचार करणे म्हणजे चिनी अक्षरांच्या मोठ्या भागाकडे पाठ फिरवणे, कारण बहुसंख्य अक्षरांचा एक घटक अर्थ सुचवतो आणि दुसरा उच्चार. निळ्या रंगाचे अक्षर पाण्याच्या खुणेशी जोडले की ‘स्वच्छ’, सूर्याशी जोडले की ‘निरभ्र’, वाणीशी जोडले की ‘विनंती’. उच्चार तिन्हींकडे ‘सेइ’.

छपराखालच्या त्या बाईचे पुढे काय झाले हेही इथे सांगण्याजोगे आहे. तेच अक्षर भराभर लिहून हिरागानातला ‘आ’ तयार झाला. शांती, सून, देऊळ सगळे झडले आणि नुसता स्वर उरला.

दुसरे कारण अभ्यास. एदो काळातल्या शाळांत मुले कन्फ्यूशियसचे ग्रंथ अर्थ न समजता मोठ्याने घोकत. अर्थ पुढे येईल, आधी जीभ तयार होऊ दे, अशी धारणा होती. घोकंपट्टी म्हणून तिची टर उडवणे सोपे आहे, पण जी अक्षरे एकटी असताना पाच-सहा परीने वाचता येतात, त्यांचे वाचन वाक्यात आपोआप ठरते आणि पाठांतराने हीच वाक्ये हाताशी येतात. ओग्यू सोराइ (१६६६–१७२८) या पंडिताने मात्र चिनी मजकूर जपानी क्रमाने वाचण्यावरच आक्षेप घेतला. हे वाचन नसून नकळत केलेले भाषांतर आहे, असे त्याचे म्हणणे. मोतोओरी नोरिनागा हा पंडित उलट टोकाला गेला. ‘कोजिकी’वर तीसहून अधिक वर्षे खपून १७९८ मध्ये पूर्ण केलेल्या भाष्यात त्याने चिनी अक्षरांच्या पांघरुणाखालचा मूळ जपानी ध्वनी शोधला. अक्षर उसने, शब्द आपला, ही त्याची भूमिका शंकराचार्यांच्या खोट्या रेषेच्या फार जवळची आहे, जरी दोघांचे हेतू अगदी निराळे.

तिसरे कारण आदर, आणि इथे जपानी परंपरा सर्वांत समृद्ध आहे. नारा काळात सूत्रांच्या नकला करणारी सरकारी कार्यालये होती. तिथे चुकलेल्या अक्षरांबद्दल लेखनिकाच्या मोबदल्यातून पैसे कापले जात. मध्ययुगापासून एकेका गोट्यावर सूत्राचे एकेक अक्षर लिहून गोटे पुरण्याची चाल पडली. नारातल्या याकुशीजी मंदिराने १९६८ पासून लोकांकडून ‘हृदयसूत्रा’च्या हस्तलिखित नकला दक्षिणेसह स्वीकारायला सुरुवात केली आणि त्या पैशातून मुख्य सभागृह १९७६ मध्ये नव्याने उभे राहिले. सूत्र सुमारे २६० अक्षरांचे. लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना त्याचा अर्थ नीट सांगता आला नसता. या लेखनाला ज्ञान म्हणावे का? कूकाइचा अनुयायी म्हणेल की अक्षर सत्यरूपच आहे, लिहिणाऱ्याला कळो न कळो. हे मान्य न करताही एवढे म्हणता येते की ज्याने एकेक रेघ क्रमाने, श्वास रोखून ओढली त्याच्या हाताला ते अक्षर आले, आणि अर्थ नंतर येऊन बसायला जागा तयार झाली.

याची दुसरी बाजू ईशान्य जपानमधल्या नांबू भागात दिसते. एदो काळात तिथल्या निरक्षरांसाठी हृदयसूत्र चित्रांत छापले गेले. चित्रांचा सूत्राच्या अर्थाशी काहीही संबंध नाही. त्यांची नावे ओळीने उच्चारली की सूत्र ऐकू येते. उलटे भांडे म्हणजे ‘कामा’ हा शब्द उलटा, ‘माका’. मग हान्न्या नावाचा मुखवटा, ‘हारा’ म्हणजे पोट, ‘मी’ म्हणजे सूप, ‘ता’ म्हणजे भातशेत: माका हान्न्या हारामिता, महाप्रज्ञापारमिता. रूप आणि शून्यता यांची चर्चा करणारे सूत्र पोट, सूप आणि शेत पाहून म्हटले जाई. कांजीत रेषेतून अर्थ दिसतो. इथे दिसणारा अर्थ पूर्ण खोटा आणि ध्वनी तेवढा खरा.

स्मरणाविषयी भारतीय तर्कशास्त्राचा आणखी एक भेद इथे उपयोगी पडतो. नैयायिक स्मृतीला प्रमा मानत नाहीत, कारण ती पूर्वी कळलेलेच परत आणते. प्रत्यभिज्ञा, म्हणजे समोर आलेल्या वस्तूला ‘हीच ती’ असे ओळखणे, ते प्रत्यक्षाचाच प्रकार समजतात. वाचताना कांजी ओळखायची असते. लिहिताना ती कोऱ्या जागेतून आठवून काढायची असते. जपानी माणसाला अक्षर आठवेनासे झाले की तो बोटाने हवेत किंवा तळहातावर लिहून पाहतो. या सवयीला ‘कूशो’ म्हणतात आणि मानसशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला आहे. डोळ्यांना जे सापडत नाही ते बोटाला सापडते. मेंदूला इजा झालेल्या काही जपानी रुग्णांमध्ये काना वाचण्याची शक्ती गेली पण कांजी वाचता येत राहिली, काहींमध्ये उलट झाले. अक्षरज्ञान एकजिनसी नाही, हे यावरून केवळ तर्कानेच नव्हे, शरीराच्या पुराव्यानेही दिसते.

यंत्रांनी हा भेद घरोघर पोहोचवला. उच्चार टंकला की पडद्यावर कांजींची यादी येते आणि योग्य ती निवडायची असते. प्रत्यभिज्ञा पुरते, स्मृतीची गरज उरत नाही. वर्ड प्रोसेसरमुळे हाताने लिहायला विसरलेल्यांना चिडवणारा शब्दही जपानीत रुळला. २०१० च्या तक्त्याने ही वस्तुस्थिती स्वीकारली आणि त्यातली सगळीच अक्षरे हाताने लिहिता आली पाहिजेत असे नाही, असे स्पष्ट केले. खिन्नतेसाठी वापरले जाणारे २९ रेघांचे ‘उत्सु’ हे अक्षर त्याच वेळी तक्त्यात आले. ते वाचणारे लाखो आहेत, न पाहता लिहिणारे फार कमी. कूकाइच्या कसोटीवर या वाचकांना अक्षर अर्धेच आले आहे, नैयायिकाच्या कसोटीवर मात्र त्यांचे ज्ञान स्मरून लिहिणाऱ्यापेक्षा उजवे ठरेल, कारण ते प्रत्यक्ष आहे.

रेषा आवश्यक आहे का, या प्रश्नाची सर्वांत कडक परीक्षा ब्रेलमध्ये होते. १८९० मध्ये तोक्योच्या अंधशाळेतील शिक्षक इशिकावा कुराजी याने सहा टिंबांची जपानी ब्रेल तयार केली. ती काना लिपीवर आधारलेली आहे. तिच्यात कांजी नाहीत, आणि छापील जपानीत नसलेली शब्दांमधली मोकळी जागा तिथे सोडावी लागते, कारण शब्द कुठे संपला हे सांगायला कांजी नसते. या लिपीत कादंबऱ्या, कायदे, बौद्ध सूत्रे सगळे वाचले जाते, आणि एकाच उच्चाराचे अनेक शब्द आले तरी वाचक संदर्भाने मार्ग काढतो. ध्वनी पुरतो, असे यावरून मीमांसकाला म्हणता येईल. पण पुढे जपानमध्ये कांजीसाठीही स्वतंत्र ब्रेल पद्धती तयार झाल्या, कारण डोळस सहकाऱ्यांबरोबर संगणकावर मजकूर तयार करणाऱ्या अंध लेखकाला कोणत्या ‘सेइ’साठी कोणते अक्षर निवडायचे हे माहीत असावे लागते.